भाड्याचा इतिहास

स्नेहसंमेलनाला चार दिवस उरले की आपल्या महाविद्यालयाच्या दारात एक टेम्पो येऊन उभा राहतो. त्यातून पत्र्याच्या तीन पेट्या उतरतात. या पेट्यांत काय नसते? शिवाजी महाराजांचा अंगरखा असतो, अफझलखानाचा असतो, राम-लक्ष्मणांची पीतांबरे असतात, अकबर-बिरबल असतात आणि तळाशी दबलेला एखादा इंग्रज गव्हर्नरही असतो. सगळ्यांना मिळून मखमल एक आणि जरीही एकच. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि गेल्या दहा वर्षांतल्या नटांच्या घामाचा संमिश्र वास येतो. 'ड्रेपरी आली!' असे कोणीतरी ओरडते आणि संमेलन जवळ आल्याचा आनंद सगळ्यांना होतो. मलाही होतो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते ड्रेपरीवाल्यांच्या विरुद्ध आहे, असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये.

माझे म्हणणे एवढेच आहे की, इतिहास शिकवणाऱ्या महाविद्यालयाने आपला इतिहास भाड्याने आणू नये. वर्षाकाठी निदान एक ऐतिहासिक पोशाख आपण स्वतः शोधावा, बेतावा आणि शिवावा. हे काम फावल्या वेळच्या छंदाचे नाही. ते अभ्यासाचे आहे. आणि हे मी नुसते तर्काने म्हणत नाही. यंदाच्या एकांकिकेच्या निमित्ताने हातून जे शिवले गेले, चुकले आणि उसवले, त्यावरून म्हणते आहे.

यंदा आम्ही आनंदीबाई जोशी यांच्यावर एकांकिका केली. त्यांची हकीकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न, एप्रिल १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेला प्रयाण, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. पुरती बावीस वर्षेही नाहीत. आमच्या एकांकिकेचे प्रवेश दोन. पहिला बंगालमधल्या श्रीरामपुरात, जिथे गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. तिथे आनंदी प्रवासाची ट्रंक भरते आहे. दुसरा अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या रोझेल गावी, जिने तिला मुलीसारखे घरात घेतले त्या कार्पेंटरबाईंच्या घरी. म्हणजे पोशाख हवेत दोन : एका मराठी मुलीचा आणि एका अमेरिकन गृहिणीचा.

नेहमीप्रमाणे ड्रेपरीवाल्याला निरोप गेला. त्याने दोन्ही पोशाख नमुन्यादाखल पाठवले. आनंदीसाठी शिवलेली नऊवारी, म्हणजे कमरेला इलॅस्टिक, आतून पायजमा आणि वरून शिवून टाकलेल्या निऱ्या. कार्पेंटरबाईंसाठी ख्रिस्ती लग्नात नवरी घालते तसा पांढरा झगा; त्याला जाळी, जाळीवर टिकल्या आणि पाठीला चेन. ज्या चेनीने आपण आज कपडे लावतो, ती कामाच्या रूपात यायला १९१३ साल उजाडावे लागले. आमची कार्पेंटरबाई १८८३ सालच्या दिवाणखान्यात तीस वर्षे पुढची चेन लावून वावरणार होती. मी हे बोलून दाखवले तेव्हा आमचा दिग्दर्शक म्हणाला, "अगं, दहाव्या रांगेतून चेन कोण बघतंय?"

त्याचे खरेच होते. तरीही मी बोलून गेले, "मी शिवते." आणि बोलल्यावर घाबरले.

घाबरण्याचे कारण येथे सांगितले पाहिजे. माझी आई शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचे मशीन आहे, दाराला 'ब्लाऊज, फॉल, पिको' अशी पाटी आहे. आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. महाविद्यालयात मात्र तीन वर्षांत मी ती कोणाला सांगितली नव्हती. कोणी विचारले तर 'आई घरीच असते' असे म्हणायचे आणि विषय बदलायचा. यात खोटे काही नव्हते; आई खरोखर घरीच असते, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत मशीनवर. मलाही टीप मारता येते, काजे करता येतात, हे मी लपवत आले होते. पुस्तकांच्या जगात आल्यावर सुई-दोऱ्याचे जग उंबऱ्याबाहेर ठेवावे लागते, असे मला कोणी शिकवले नव्हते. तरी मी ते शिकले होते.

असो. कामाला लागलो. आनंदीबाईंच्या काळातला अमेरिकन पोशाख कसा असे, याचा शोध ग्रंथालयापासून सुरू झाला. इतिहासाच्या बाईंनी एक नाव सुचवले : जॅनेट आर्नल्ड. १९३२ ते १९९८ या काळात होऊन गेलेल्या या इंग्रज विदुषीने उभे आयुष्य संग्रहालयांतले जुने कपडे मोजण्यात घालवले. कपडा उलटा करून शिवण कोठे आहे, अस्तर कसे लावले आहे, टाका कोणता आहे, हे ती पाही आणि चौकटीच्या कागदावर लहान मापात त्याची बेतणी काढून ठेवी. 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या तिच्या पुस्तकमालेचा पहिला खंड १९६४ साली आणि १८६० ते १९४० या काळावरचा दुसरा १९६६ साली निघाला. त्या दुसऱ्या खंडातल्या बेतण्या मी घरी नेल्या, तेव्हा आईने इंग्रजीचा एक शब्दही न वाचता त्या वाचल्या. "ही पाठ. हा पाठीचा कडेचा तुकडा. ही बाही दोन तुकड्यांची आहे, कोटाला असते तशी." मला जे नकाशासारखे दिसत होते, ते तिला अंगावर चढवलेले दिसत होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी जुनी वस्त्रे पाहिली होती; पण काचेच्या पलीकडून जरी दिसते, शिवण दिसत नाही. या कागदावर शिवण दिसत होती.

पहिला प्रश्न आईनेच विचारला आणि तो अस्सल इतिहासाचा प्रश्न होता. १८८३ च्या सुमारास पाश्चात्त्य बायकांच्या पोशाखात मागच्या बाजूला फुगवटा पुन्हा आला होता. घागऱ्याच्या आत पोलादी कांब्यांचा, वेताचा किंवा घोड्याच्या केसांच्या उशीचा आधार बांधून कमरेखालचा भाग उचलून धरीत. त्याला बसल असे म्हणत. चित्रांत हा फुगवटा केवढा तरी दिसतो. आईने चित्र पाहिले आणि विचारले, "ही बाई घरात काम करायची ना? मग एवढं मागे घेऊन चुलीपाशी कशी वळेल?" मी निरुत्तर झाले. चित्रे फॅशनच्या मासिकांतली. जपून राहिलेले कपडे बहुधा सणासमारंभाचे. रोजचा कपडा अंगावर फाटतो, त्याच्या चिंध्या होतात, तो संग्रहालयात सहसा पोचत नाही. लहान गावातल्या मध्यम स्थितीतल्या गृहिणीला मासिकातली राणी करणे ही चूकच ठरली असती. आम्ही फुगवटा लहान ठेवला : एक छोटी उशी आणि बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या दोन कांब्या. साधनांची चिकित्सा कशाला म्हणतात हे मी प्रथम वर्षापासून परीक्षेत लिहीत आले आहे. ती प्रत्यक्ष करावी लागली ती मात्र पडद्याच्या कापडासमोर बसून.

होय, पडद्याचेच कापड. त्या काळी लोकर किंवा रेशीम असते. ते आम्हांला परवडणारे नव्हते. सेलमध्ये तपकिरी-तांबूस रंगाचे जाड सुती पडद्याचे कापड मिळाले, सव्वाआठ मीटर. त्याआधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवून ती भूमिका करणाऱ्या मुलीच्या अंगावर बसवून पाहिली. येथे माझी पहिली मोठी चूक झाली. हात मोकळा राहावा म्हणून मी मुंढा ऐसपैस कापला. मुलीने हात वर केला आणि हाताबरोबर सगळी चोळी कमरेपासून वर आली. मी मुंढा आणखी मोठा करायला कात्री घेतली, तेव्हा आईने हात धरला. "मोठा नाही, लहान कर. बगलेत अगदी वर घे." कापडाला कापड जोडून मुंढा वर घेतला, आणि काय आश्चर्य, हात खांद्याइतका वर गेला तरी चोळी जागची हलेना. त्या काळच्या बेतण्यांत मुंढे इतके लहान का असतात, याचे कारण मला पुस्तकातून कळले नव्हते. मला तो जुन्या लोकांचा अडाणीपणा वाटला होता. जुने लोक अडाणी नव्हते. ते सबंध दिवस तो कपडा घालून राहत होते.

चोळीचे वरचे कापड आणि अस्तर एकत्र धरून प्रत्येक तुकडा एकच समजून शिवायचा, ही तेव्हाची रीत, तीही पाळली. आतून ताठपणासाठी देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या किंवा पोलादाच्या पट्ट्या घालीत. आम्ही पार्सलच्या खोक्यांना बांधतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. आत घालायची, कंबर आवळून धरणारी कॉर्सेट मात्र शिवली नाही. "पोरीच्या श्वासाशी खेळ नको," असे आई म्हणाली आणि मलाही ते पटले. मशीनची टीप चालेल का, ही शंका होती. तीही मिटली, कारण सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट १८५१ सालीच घेतले होते आणि कार्पेंटरबाईंच्या काळी मशीनवर शिवलेला कपडा ही नवलाई राहिलेली नव्हती. समोर चौदा बटणे आणि त्यांची चौदा काजे हाताने केली. अस्तर धरून सगळे मिळून ३८ तुकडे झाले. तेवीस संध्याकाळी लागल्या.

आता आनंदीची नऊवारी. ती शिवायची नव्हतीच. ती नेसायची होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच. हे लक्षात आले तेव्हा मी मशीन थांबवले. जवळजवळ तेवढेच कापड. एकीने त्याचे ३८ तुकडे केले, दुसरीने एकही केला नाही. आनंदी होणाऱ्या मुलीला नऊवारी नेसता येत नव्हते. तिच्या आजीने आठ दिवस तिला नेसायला शिकवले. पहिल्या दिवशी कासोटा सुटला, तिसऱ्या दिवशी निऱ्या सुटल्या, सातव्या दिवशी ती नऊवारीत जिना धावत उतरली.

आणि मग तालमीत जे झाले, त्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे.

आमच्या संहितेत असे होते की आनंदी संकोचलेली, अंग चोरून वावरणारी; आणि कार्पेंटरबाई मोकळ्या, चपळ, घरभर भिरभिरणाऱ्या. परंपरेत बांधलेली पूर्व आणि स्वतंत्र पश्चिम, असा तो सरळ हिशेब होता. पोशाख अंगावर चढले आणि हिशेब चुकला. आनंदी ट्रंकेपुढे मांडी घालून बसली, उकिडवी बसली, पदर खोचून तिने जड ट्रंक ओढली, उठली. कार्पेंटरबाई खाली पडलेला रुमाल उचलायला गेल्या आणि कमरेत वाकताच येईना; शेवटी गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून, सावकाश खाली जावे लागले. खुर्चीच्या कडेवर बसावे लागले, कारण मागे उशी. भिरभिरणे तर दूरच राहिले. दिग्दर्शक पाच मिनिटे काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आपण उलटं लिहिलंय."

पण गोष्ट तेथेही संपली नाही; नाही तर पूर्व मोकळी आणि पश्चिम बांधलेली, असा दुसरा सोपा हिशेब आम्ही मांडला असता. आनंदीबाईंच्या चरित्रात एक तपशील आहे. जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि आपण हिंदू म्हणूनच जाणार व तशाच परतणार, हे जाहीर केले. हा शब्द त्यांनी पाळला. गाऊन घातला नाही. मात्र नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. ते त्या थंडीत आणि त्या समाजात चालण्याजोगे नव्हते. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचे, पाय झाकणारे नेसणे पत्करले. शब्द मोडला नाही, पण नेसणे बदलले. आणि जे मोकळेपण नऊवारीत होते, त्यातले काही त्यांना सोडावे लागले. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपासच्या मुलीने हा तोल परक्या देशात, सल्ला द्यायला घरचे कोणी जवळ नसताना, एकटीने साधला.

आम्ही हा तपशील वाचला होता आणि सोडून दिला होता. 'साडी ती साडी' असे आम्हांला वाटले होते. खरी नऊवारी हातात आल्यावर कळले की नाटक तेथेच आहे. दुसऱ्या प्रवेशात आनंदी पाठमोरी उभी राहून नेसण्याची पद्धत बदलते आहे आणि ताठ पोशाखातली कार्पेंटरबाई निऱ्यांचे टोक धरून तिला मदत करते आहे, असा एक मिनिटाचा मूक प्रसंग घातला गेला. त्या एका मिनिटात सभागृहात जी शांतता झाली, ती तिथे असलेल्यांना आठवत असेल. इलॅस्टिकची नऊवारी असती तर हा प्रसंग सुचलाच नसता; कारण शिवलेल्या निऱ्या सुटत नाहीत.

ऑक्टोबर १८८५ मधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. ते छायाचित्र मी अनेकदा पाहिले होते. 'किती छान' असे म्हणून पान उलटले होते. आता पाहते तेव्हा पहिल्यांदा नजर जाते ती नेसण्याकडे, आणि ते बघताना मनात येते की त्या दिवशी सकाळी तिला निऱ्या घालायला कोणी मदत केली असेल?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खर्चाचा. हिशेब देते. पडद्याचे कापड ७४२ रुपये, मांजरपाट २४०, अस्तर २१०, बांबू ५०, दोरा-बटणे-हूक १२०. एकूण १,३६२ रुपये. ड्रेपरीचे एका दिवसाचे भाडे ४५० रुपये होते. म्हणजे भाड्याचा पोशाख तिपटीने स्वस्त, हे मान्य. पण भाड्याचा पोशाख दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत जातो. आमचा महाविद्यालयात आहे. तीन वर्षे वापरला तर हिशेब जवळजवळ बरोबरीत येतो. आईची मजुरी मी यात धरलेली नाही. ती धरली तर हिशेब पार कोलमडतो, हेही प्रामाणिकपणे सांगते, त्याविषयी पुढे.

दुसरा आक्षेप दहाव्या रांगेचा. प्रेक्षकाला चेन दिसत नाही, मुंढा दिसत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर असे की मुंढा दिसत नसला तरी हात कसा उचलला गेला ते दिसते. अस्तर दिसत नाही, पण बाई कशी बसली ते दहाव्या रांगेतूनच काय, बाल्कनीतूनही दिसते. शिवाय जे रंगमंचावर दिसते ते रंगमंचावरच राहत नाही. बालगंधर्वांनी साडी कशी नेसली हे पाहून घरोघरच्या बायका तशी नेसू लागल्या, असे जुनी माणसे सांगत. त्याच न्यायाने मखमली अंगरखाही आपल्या डोक्यात इतिहास होऊन बसला आहे. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे आज युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये एक आहे. त्यांत बाजूला बंद बांधलेला जामा आणि कमरेला पटका दिसतो. मोगल काळात जाम्याचे बंद हिंदू डावीकडे आणि मुसलमान उजवीकडे बांधीत. पोशाखाच्या एका गाठीत तेव्हाचा केवढा तरी समाज बांधलेला होता. आपल्या पेटीतल्या महाराजांना छातीवर मधोमध वेल्क्रो आहे. तो ओढला की चर्रर आवाज होतो आणि पहिल्या रांगेतली मुले हसतात. मुले हसतात याचे मला दुःख नाही. पण त्या गाठीविषयी आपल्याला कधी काही विचारावेसेही वाटत नाही, याचे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हारी लागला. आमच्या एका सरांनी चेष्टेत विचारले, "तू इतिहासाची विद्यार्थिनी की शिंपीण?" सरांचा हेतू वाईट नव्हता, सगळे हसले, मीही हसले. पण त्या हसण्यात मी ज्याला तीन वर्षे भीत होते तेच होते. त्या वेळी उत्तर सुचले नाही, आज देते. सर, नाणी वाचणारा इतिहासकार असतो, ताम्रपट वाचणारा असतो, मोडी वाचणारा असतो; मग शिवण वाचणारा का नसावा? आपल्या देशाला पहिले ऑस्कर मिळाले ते कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैय्या यांच्यामुळे, आणि तेही वेशभूषेसाठी. १९८२ सालच्या 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल जॉन मोलो यांच्यासह तो सन्मान त्यांना १९८३ साली मिळाला. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा एका माणसाचा प्रवास कपड्यांतून दाखवायचा, म्हणजे इतिहास वाचल्यावाचून कसा दाखवणार? भानूताई २०२० साली गेल्या. आपल्या ग्रंथालयात वेशभूषेवरचे मराठी पुस्तक मी शोधले. एकही हाती लागले नाही.

याचा अर्थ सगळेच पोशाख शिवावेत असे मी म्हणत नाही. पंधरा मावळे शिवायचे म्हटले तर संमेलन दिवाळीनंतर न होता पुढच्या दिवाळीला होईल. ड्रेपरीवाल्यांनी गावोगावची हौशी नाटके जिवंत ठेवली आहेत, त्यांच्या पेट्यांवाचून कित्येक नाटके उभीच राहिली नसती. त्यांचे उपकार आहेतच. शिवाय आमचाही पोशाख शंभर टक्के खरा नव्हता. कापड पडद्याचे, पट्ट्या पार्सलच्या, कॉर्सेट गैरहजर. फरक एवढाच की कोठे खरे आहे आणि कोठे तडजोड, हे आम्हांला सांगता येते. भाड्याच्या पोशाखाविषयी हे सांगता येत नाही. कारण त्याला कोणी काही विचारलेलेच नसते.

म्हणून दोन सूचना करते. पहिली अशी की, महाविद्यालयाने एक कपाट द्यावे. दरवर्षी इतिहास आणि मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका काळाचा एक पोशाख शिवावा : एक वर्ष बाराबंदी, एक वर्ष जामा, एक वर्ष खणाची जुन्या पद्धतीची चोळी. पोशाखाबरोबर त्याची कागदी बेतणी आणि कशावरून काय ठरवले याची चार पानी टिपणी त्या कपाटात राहावी. दहा वर्षांत दहा पोशाख होतील. तेवढी शिदोरी पुढच्या मुलांना पुरे.

दुसरी सूचना करताना मला माझी चूक कबूल केली पाहिजे. कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीने मला विचारले, "वेशभूषेत कोणाकोणाची नावं टाकायची?" मी माझे नाव सांगितले. एकटीचे. तेवीस संध्याकाळी जिने आपली गिऱ्हाइकांची कामे रात्री बारापर्यंत मागे ढकलली, जिने मुंढा वाचवला, फुगवट्यावर शंका काढली, चौदापैकी अकरा काजे केली, तिचे नाव सांगायला माझी जीभ उचलली नाही. तिचे नाव सांगितले असते तर 'या कोण?' असे कोणीतरी विचारले असते, आणि मग दारावरची पाटी सांगावी लागली असती. मला वेशभूषेचे बक्षीस मिळाले. टाळ्या वाजल्या.

आई शेवटच्या रांगेत बसली होती. घरी येताना रिक्षात ती बक्षिसाविषयी काही बोलली नाही. पत्रिका तिने उलटसुलट करून वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "मागची चुणी एका बाजूला ओढत होती. उद्या आण, उसवून नीट करू."

दुसऱ्या दिवशी आम्ही ती उसवली आणि नीट केली. पोशाख आता नाट्यविभागाच्या खोलीत आहे. कोणीही पाहावा, उलटा करून पाहावा. माझी दुसरी सूचना अशी आहे की, यापुढे पत्रिकेत जसे लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना छापतो, तशी 'शिवण' अशी वेगळी ओळ असावी आणि तिच्यापुढे ज्याने प्रत्यक्ष टीप मारली त्याचे किंवा तिचे नाव असावे. मग ती व्यक्ती महाविद्यालयातली असो वा नसो, आणि तिच्या मजुरीची रक्कमही संमेलनाच्या अंदाजपत्रकात असावी. यंदाची ओळ राहून गेली, ती माझ्यामुळे. पुढच्या वर्षी मी येथे नसेन. पण तोपर्यंत दारावरच्या पाटीचा पत्ता मी सगळ्यांना सांगून ठेवला आहे.

(तृतीय वर्ष कला, इतिहास)